चव्वेचाळिसाव्या वर्षी पहिला गळ

(दहावी १९९५ च्या बॅचच्या तिसाव्या वर्षाच्या स्नेहमेळाव्यात, नाशिक येथे केलेले भाषण. स्मरणिकेसाठी बोलण्याच्याच भाषेत ठेवले आहे.)



संयोजकांनी बोलणाऱ्यांना एकच अट घातली होती. वीस मिनिटं बोला, पण नोकरी, फ्लॅट आणि मुलांचे मार्क हे तीन विषय सोडून. मी ग्रुपवर विषय कळवला, "ट्रोलिंग". दोन मिनिटांत उत्तर आलं, "ते तर तू आठवीपासूनच करते आहेस." तेव्हा आधी शब्दाचा खुलासा करते.

चालत्या बोटीमागे गळ ओढत नेऊन मासा पकडायचा, याला ट्रोलिंग म्हणतात. समुद्रात मोठं जाळं ओढणारा ट्रॉलर वेगळा. इथे जाळं नसतं. दोरी, गळ आणि खोटं आमिष, एवढंच. कोकणात सुरमईसाठी असे गळ बोटीमागे सोडतात. फेसबुकवरचा ट्रोलिंग हा शब्दही यावरूनच आला असं मानतात. आमिष सोडायचं, आपण शांतपणे पुढे जात राहायचं आणि कोण चावतो ते बघायचं. म्हणजे ग्रुपवरचं उत्तर अगदीच चुकीचं नव्हतं.

मी अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यातल्या मिलवॉकी शहरात राहते. घरापासून दहा मिनिटांवर लेक मिशिगन आहे. त्याला तळं म्हणायचं म्हणून म्हणायचं. आपल्याला तळं म्हटलं की गंगापूर धरणाचं पाणी आठवतं, पलीकडचे डोंगर दिसतात. इथे पलीकडचा काठच दिसत नाही. तळ्याचं क्षेत्रफळ सुमारे ५८,००० चौरस किलोमीटर, म्हणजे आपले जवळजवळ पावणेचार नाशिक जिल्हे. लांबी ४९० किलोमीटरच्या आसपास. सगळ्यांत खोल जागी २८१ मीटर पाणी. कुतुबमिनार एकावर एक रचत गेलं तर तीन पूर्ण बुडतील आणि चौथ्याचं टोक तेवढं वर राहील. या पाण्यात सॅमन नावाचा मासा आहे. आपल्याकडे रावसाला इंडियन सॅमन म्हणतात, पण त्या दोघांचं काही नातं नाही. तिथला शिनूक जातीचा सॅमन सहज सहा-आठ किलोचा होतो, आणि तो तळ्याच्या मधल्या गार पाण्यात फिरत असतो. तो पकडायचा तर त्याच्यामागे जावं लागतं.

आता, कॉलेज रोडवर वाढलेली, घरात मासा कधी न शिजलेली, संगणकासमोर बसून पोट भरणारी बाई या बोटीवर कशी पोचली? २०२३ च्या वसंतात माझी नोकरी गेली. त्या वर्षी आमच्या क्षेत्रात हजारो लोकांचं तसंच झालं, त्यात मी एक. नोकरीचा विषय वर्ज्य आहे हे मला माहीत आहे, म्हणून यावर दोनच वाक्यं बोलते. एकवीस वर्षं मी त्या कामात होते, आणि शेवटची दहा-बारा वर्षं लोक मला विचारायला येत असत, मी कुणाला विचारायला जात नसे. मग अचानक रोज सकाळी उठून काही करायचं नाही, आणि मुलाखतीला समोर बसलेला मुलगा माझ्या निम्म्या वयाचा.

शेजारी एक निवृत्त गृहस्थ राहतात. आयुष्यभर कारखान्यात लेथवर काम केलेले, वय सत्तरीच्या पुढे. त्यांच्याकडे वीस फुटी बोट आहे. इतकी वर्षं बोटीचं सुकाणू त्यांच्या पत्नी धरायच्या आणि हे मागे गळ सांभाळायचे. पत्नीच्या गुडघ्यांनी साथ सोडली. यांच्या उजव्या हाताला कंप सुरू झाला. एकट्याने बोट न्यायची नाही हा त्यांचा स्वतःचाच नियम. एक दिवस कुंपणावरून म्हणाले, "तुला सध्या सकाळी वेळ असतो, असं दिसतं. सरळ रेषेत बोट चालवता येईल का?" मी म्हटलं, "शिकवलंत तर येईल." ते म्हणाले, "मग पहाटे साडेतीनला तयार राहा."

पहिल्या दिवशी त्यांनी गळाला हात लावू दिला नाही. सुरुवात कशी परतायचं इथून झाली. या तळ्यावर वारा फिरला की लाटा उंच आणि जवळजवळ येतात, समुद्रासारख्या लांब नसतात. छोटी बोट त्यात आपटत राहते. मे महिन्यात पाणी पाच-सात अंश असतं. तेवढ्या गार पाण्यात पोहता येण्याचा उपयोग काही मिनिटंच होतो, कारण हातपाय काम करेनासे होतात. म्हणून लाइफ जॅकेट अंगात घालायचं, बाकाखाली ठेवायचं नाही. वायरलेसचा चॅनल १६ कसा लावायचा, आपली जागा अक्षांश-रेखांशात कशी सांगायची, हे त्यांनी माझ्याकडून तीनदा वदवून घेतलं. मग १९६७ ची हकीकत सांगितली.

त्या वर्षी सप्टेंबरमध्ये, तळ्याच्या पलीकडच्या बाजूला, प्लॅट बे नावाच्या उपसागरात सॅमन मोठ्या संख्येने आल्याची बातमी पसरली. लोक मिळेल ती होडी घेऊन पाण्यात उतरले. २३ सप्टेंबरला वादळाचा इशारा होता. मासे इतके लागत होते की पुष्कळांनी तो मनावर घेतला नाही. त्या दिवशी सात जण बुडाले. "मासा लागत असताना परत फिरायला जमलं पाहिजे," ते म्हणाले, "ते जमत नसेल तर बाकीचं शिकून उपयोग नाही." मला हे वाक्य प्रयोगशाळेत बाई गॅस बंद करून दाखवायच्या, तसं वाटलं. आधी बंद करायला शिका, मग पेटवा.

दुसऱ्या आठवड्यात सुकाणू हातात आलं. बोट किती वेगाने चालवायची? माणूस चालतो तेवढ्या, ताशी साडेतीन-चार किलोमीटर. ऐकायला सोपं वाटतं. वारा मागून असेल तर बोट पळते, समोरून असेल तर थांबते, आणि पाण्याच्या पोटात वेगळाच प्रवाह असतो. वर तुम्ही चार किलोमीटरने चालला असाल आणि खाली वीस मीटरवर गळाला तीनच जाणवत असतील. आमिष म्हणजे पातळ पत्र्याचा चमच्यासारखा तुकडा असतो, त्याला स्पूनच म्हणतात. तो ठरावीक वेगातच जखमी माशासारखा डगमगतो. वेग कमी झाला की लोंबकळतो, जास्त झाला की गरगर फिरतो, आणि मासा दोन्हीकडे बघत नाही.

आता तो चमचा वीस मीटर खाली न्यायचा कसा? बोट चालू असताना दोरी पाण्याच्या जोराने वर उचलली जाते. यासाठी डाऊनरिगर नावाचं साधं यंत्र असतं. बोटीच्या कडेला एक छोटा रहाट, त्याच्यावर तार, आणि तारेच्या टोकाला पाच किलोचा शिशाचा गोळा. आपल्या गळाची दोरी या तारेला चिमट्याने अडकवायची आणि गोळा हवा तितका खाली सोडायचा. वर रॉड धनुष्यासारखा वाकलेला राहतो. मासा चावला की दोरी चिमट्यातून सुटते आणि वाकलेला रॉड एकदम सरळ उभा राहतो. लोकांना वाटतं मासा लागला की रॉड वाकतो. इथे आधी सरळ होतो, मग पुन्हा वाकतो. त्या दोन क्षणांच्या मध्ये रॉड हातात आला पाहिजे.

याशिवाय बशीसारखी एक तबकडी असते, ती पाण्यात तिरकी कापत खाली आणि बाजूला जाते. एक फळी असते, ती दोरीला बोटीपासून दूर, बाजूला नेते. आणि एक दोरी असते जिच्या पोटात शिसं भरलेलं असतं, तिचा रंग दर दहा यार्डांवर बदलतो. म्हणून तिथे खोली मीटरमध्ये बोलत नाहीत. "सात रंग सोड" म्हणतात. विस्कॉन्सिनमध्ये माणशी तीन गळांची परवानगी आहे. दोघांचे सहा गळ, सहा वेगवेगळ्या खोलींवर, सहा दिशांना, आणि बोट वळवताना एकाचाही दुसऱ्यात गुंता होता कामा नये. ज्यांनी गच्चीवर एकाच वेळी चार पतंग सांभाळले असतील त्यांना हे कळेल.

वळण हा सगळ्यांत मोठा धडा होता. बोट डावीकडे वळली की उजव्या बाजूचे, बाहेरचे गळ वेगाने जातात, आणि आतले मंदावून खाली बुडतात. वळताना बाहेरच्या गळाला मासा लागला तर समजायचं, आज त्याला जास्त वेग हवा आहे. आतल्याला लागला तर कमी वेग किंवा जास्त खोली. म्हणजे एका वळणात दोन प्रयोग होतात. म्हणून अनुभवी माणूस सरळ रेषेत फार वेळ जात नाही, सापासारखा नागमोडी जातो.

आणि खोली? किती खोल जायचं हे कसं ठरवायचं? इथे मला आपल्या शाळेतला एक तास आठवला. पाण्याचं असंगत आचरण! होपचं उपकरण आठवतंय का? मधे बर्फ आणि मीठ, वर एक थर्मामीटर, खाली एक थर्मामीटर. खालचा चार अंशांवर येऊन थांबायचा आणि वरचा शून्याकडे जायचा. चार अंशांचं पाणी सगळ्यांत जड, म्हणून ते तळाशी जातं. आपण सगळ्यांनी आकृती काढून पाच मार्क मिळवले आणि वही बंद केली. या तळ्याच्या तळाशी तेच चार-पाच अंशांचं पाणी बसलेलं आहे. जुलैमध्ये वरचं पाणी वीस अंशांपर्यंत तापतं. दोन्हींच्या मध्ये एक पातळ थर असतो, तिथे थोड्याशाच खोलीत तापमान भराभर उतरतं. शिनूकला साधारण दहा ते तेरा अंशांचं पाणी आवडतं. म्हणजे तो त्या थराच्या आसपास. शोध माशाचा वाटतो, पण खरा शोध तापमानाचा असतो.

हा थर एका जागी राहत नाही. वारा किनाऱ्याकडून तळ्याकडे दोन दिवस वाहिला की वरचं गरम पाणी पलीकडे ढकललं जातं आणि खालचं गार पाणी किनाऱ्याजवळ वर येतं. काल जो मासा दहा किलोमीटर आत होता, तो आज बंदराच्या तोंडाशी असतो. वारा उलटा फिरला की पुन्हा गायब. शेजाऱ्यांच्या वहीत तीस-बत्तीस वर्षांच्या नोंदी होत्या. तारीख, वारा, वरचं तापमान, थराची खोली, गळाचा रंग, मासा लागला की नाही. त्या वहीत "नाही" खूप होते. मी विचारलं, "नाहीची नोंद कशाला?" ते म्हणाले, "त्याशिवाय होयचा अर्थ कसा लागेल?"

आमच्या पहिल्या पाच फेऱ्यांत एकही मासा लागला नाही. माझ्या वाट्याला सुकाणू, गुंते सोडवणं आणि वही आली. पण रोज एक गोष्ट बदलायची आणि बाकीच्या तशाच ठेवायच्या, हा नियम होता. रंग बदलला तर खोली बदलायची नाही. हे मी संगणकावर वीस वर्षं करत होते. पण संगणक लगेच उत्तर देतो. तळं चार-चार तास काही बोलत नाही, आणि त्या वेळात सगळंच एकदम बदलून टाकावंसं वाटतं. तो मोह आवरणं हे त्या उन्हाळ्याचं माझं खरं काम होतं. घरी आल्यावर नोकरीच्या अर्जांचंही तेच. तिकडेही कुणी उत्तर देत नव्हतं.

सहाव्या फेरीला, जुलैमध्ये, सूर्य नुकता वर आला होता. खाली पस्तीस मीटर पाणी, गोळा वीस मीटरवर. उजवीकडचा रॉड ताडकन सरळ झाला. शेजारी मागे होते. त्यांनी रॉड उचलला नाही. म्हणाले, "सुकाणू मला दे. हा तुझा."

रीलमधून दोरी सुटत होती, किंचाळल्यासारखा आवाज करत. शिनूकची पहिली धाव शंभर मीटर सहज असते. त्या वेळी ओढायचं नसतं. रीलचा ब्रेक सैलसर ठेवलेला असतो, त्याला ड्रॅग म्हणतात, तो घट्ट केला की दोरी तुटते. मासा धावेल तेव्हा धावू द्यायचं, थांबेल तेव्हा रॉड वर घेऊन, खाली करताना दोरी गुंडाळायची. दोरी एक क्षणही ढिली पडता कामा नये. बोट थांबवायची नाही, नाहीतर बाकीचे पाच गळ तळाशी बसतात. पंधरा-वीस मिनिटांनी तो बोटीजवळ आला, बोट पाहिली आणि परत निघाला. माझे दंड थरथरत होते. शेवटी शेजाऱ्यांनी कापऱ्या हाताने जाळी धरली आणि डोक्याच्या बाजूने त्याला आत घेतलं. शेपटीकडून जाळी घालायची नाही, कारण मासा मागे जात नाही, पुढेच उसळतो. साडेसहा किलो भरला. पाठ हिरवट काळी, त्यावर काळे ठिपके, पोट चांदीसारखं, आणि तोंडाच्या आत हिरड्या काळ्या. काळ्या हिरड्या ही शिनूकची खूण.

इथपर्यंत गोष्ट छान आहे. पुढचा भाग सांगावा की नाही याचा विचार केला, आणि ठरवलं की आपल्या माणसांत सांगायचा.

मासा मेला. शेजाऱ्यांनी तो पटकन आणि नीट मारला, तडफडू दिला नाही. पण मारला तो माझ्यासाठी. लहानपणी आजीबरोबर गोदावरीवर गेलो की आम्ही माशांना कणकेच्या गोळ्या घालायचो. त्या हातांनी आता हे. मला वाटलं होतं की पकडून परत सोडून देता येईल. खरं असं आहे की उन्हाळ्यात खोल, गार पाण्यातून वर ओढलेला, दमलेला सॅमन गरम पाण्यात सोडला तर पुष्कळदा जगत नाही. म्हणजे सोडून दिल्याचं पुण्य फक्त आपल्या मनात, मासा मात्र दोन तासांनी मेलेलाच.

त्या संध्याकाळी आईला नाशिकला फोन केला. तिकडे सकाळ होती. ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "अगं, आपल्या घरात कुणी केलं नाही ते." मी म्हटलं, "हो आई." ती म्हणाली, "मारलास ना आता? मग टाकू नकोस. घेतलेलं वाया घालवायचं नाही." मला रागावणं अपेक्षित होतं. हे नव्हतं. मी त्याचा एक तुकडा हळद-मीठ लावून तव्यावर भाजला आणि खाल्ला. बाकीचा शेजाऱ्यांकडे आणि आणखी दोन घरी गेला. तेव्हापासून माझा नियम आहे, घरात आणि शेजारात खपेल तेवढं झालं की गळ वर. राज्याचा नियम दिवसाला पाच सॅमन-ट्राउटचा आहे. माझा साधारण एकाचा. तिथल्या पाण्यात जुन्या कारखान्यांची रसायनं उरली आहेत, म्हणून मोठे मासे मोजूनच खावेत अशी सरकारी सूचनाही आहे. पण माझं कारण आईचं वाक्य आहे. मला हे पूर्ण पटलं आहे असं म्हणत नाही. पण कशाचा जीव घेतो आहोत हे न बघता जेवणाऱ्यांपेक्षा मला आता जास्त माहिती आहे, एवढं म्हणू शकते.

तो मासा हातात असताना शेजाऱ्यांनी आणखी एक गोष्ट दाखवली. पाठीवरचा मोठा पर संपल्यावर, शेपटीच्या अलीकडे, एक छोटा मांसल पर असतो. २०११ पासून तळ्यात सोडल्या जाणाऱ्या शिनूकच्या पिल्लांचा हा पर कापतात आणि नाकाडात तारेचा बारीक तुकडा घालतात, त्यावर सांकेतिक क्रमांक असतो. माझ्या माशाचा पर शाबूत होता. म्हणजे तो मत्स्यबीज केंद्रातला नव्हता, नदीत आपोआप जन्मलेला होता.

यात विशेष काय? विशेष हे की सॅमन हा मुळात या तळ्याचाच नाही. इथला मूळचा मोठा मासा लेक ट्राउट. नायगारा धबधबा टाळून जहाजं यावीत म्हणून वेलंड कालवा खोदला, आणि त्या वाटेने समुद्रातले दोन पाहुणे वरच्या तळ्यांत शिरले. एक लॅम्प्रे, माशाला चिकटून रक्त पिणारा. दुसरा एलवाइफ, हेरिंगच्या जातीचा लहान मासा. लॅम्प्रे आणि बेसुमार मासेमारी यांनी १९५० च्या दशकापर्यंत लेक मिशिगनमधला ट्राउट जवळपास संपवला. खाणारा उरला नाही, म्हणून एलवाइफ बेफाम वाढला, आणि १९६७ च्या उन्हाळ्यात ते इतके मेले की किनाऱ्यांवरून ढीग यंत्रांनी उचलावे लागले. त्याच सुमारास मिशिगन राज्याचे मत्स्यविभाग प्रमुख हॉवर्ड टॅनर यांनी पॅसिफिक किनाऱ्यावरच्या ऑरेगॉन राज्यातून कोहो सॅमनची अंडी आणवली. १९६६ साली पहिली पिल्लं नद्यांत सोडली, पुढच्या वर्षी शिनूक. एलवाइफ खायला सॅमन, आणि सॅमन पकडायला माणसं. प्लॅट बेमधली ती गर्दी या पहिल्या पिढीच्या माशांमागे धावलेली होती.

पण हिशेब नाजूक आहे. शेजारच्या लेक ह्यूरॉनमध्ये २००३-०४ च्या सुमारास एलवाइफ कोसळला आणि त्यापाठोपाठ तिथला शिनूकही. बाहेरून आलेल्या क्वागा शिंपल्यांनी पाणी गाळून गाळून छोट्या माशांचं अन्नच काढून घेतलं, हेही त्यामागचं एक कारण. लेक मिशिगनचं तसं होऊ नये म्हणून २०१३ साली सोडायची पिल्लं जवळपास निम्म्यावर आणली. ज्यांची बोट, दुकान, धंदा यावर चालतो त्यांना हे कठीण गेलं. पण पर कापलेल्या माशांच्या मोजणीतून कळलं होतं की निम्म्याहून जास्त शिनूक आता नद्यांत स्वतःच जन्मतात. सोडायचे कमी केले तरी मासे संपत नाहीत, उलट जास्त सोडले तर उपाशी मरतात.

तुम्ही म्हणाल, बाहेरून आलेला, नंतर तिथेच जन्मू लागलेला, ही तर तुम्हा अमेरिकावाल्यांची गोष्ट. ती तुलना मी करणार नाही, माझी मुलगी आधीच कंटाळली आहे. मला दुसरी गोष्ट आठवते. आपल्या धरणांमध्ये रोहू, कटला, मृगळ यांचं मत्स्यबीज सोडतात. हे मुळात उत्तरेकडचे, गंगेच्या खोऱ्यातले मासे. बाजारात मिळणारा तिलापिया आफ्रिकेतला. १९६५ साली पूर्ण झालेलं गंगापूर धरण आपण सहलीला जायची जागा म्हणून पाहिलं. त्या पाण्यात कोण राहतं, कोण आणून सोडलं, पहाटे तराफ्यावर बसून जाळी लावणारा माणूस कोणत्या महिन्यात किती खोल जाळं सोडतो आणि का, हे आपल्यापैकी कुणी कधी विचारलं नाही. मला ते विचारायला जगाच्या दुसऱ्या टोकाचं तळं लागलं.

डिसेंबरमध्ये मला नोकरी मिळाली, पदाने एक पायरी खाली. ती माशामुळे मिळाली असं सांगून टाळ्या घेणार नाही, बाजार थोडा सुधारला म्हणून मिळाली. पण नव्या जागी पहिल्या आठवड्यात मी माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान मुलीला म्हणू शकले, "मला यातलं काही येत नाही, पहिल्यापासून सांग." तिने सांगितलं. हे वाक्य आपण शाळेत रोज म्हणायचो आणि त्याची लाज वाटायची नाही. नंतर केव्हातरी ते बंद झालं. आपल्या वयाला, मित्रांनो, ते पुन्हा सुरू करणं कठीण जातं, कारण आपण घरात, कचेरीत, सोसायटीत सगळीकडे सांगणारे झालो आहोत. म्हणून मी म्हणते, वर्षातून एखादी तरी गोष्ट अशी शिका जी तुम्हाला अजिबात येत नाही आणि जिचा पगार मिळत नाही. मासाच पाहिजे असं नाही. तबला चालेल, मोडी लिपी चालेल, द्राक्षाची छाटणीसुद्धा चालेल. फक्त शिकवणारा तुमच्याहून जाणता आणि तुम्ही खरोखर अडाणी, असं पाहिजे.

शेजारी गेल्या उन्हाळ्यात दोनदाच बोटीवर आले. हाताचा कंप वाढला आहे. आता मी गळ सांभाळते आणि सुकाणू माझ्या मुलीकडे असतं. वही मात्र अजून तेच तपासतात, आणि "नाही" लिहायचं राहिलं तर फोन करतात.

आता एक सूचना मांडते. आपण बॅचतर्फे शाळेला काय द्यायचं यावर तीन महिने चर्चा चालू आहे. पाण्याचा कूलर, पंखे, फळा, सगळं चांगलंच आहे. त्यात एक छोटी भर घाला. चार-पाच चांगले थर्मामीटर, मीटरमीटरवर गाठी मारलेली लांब दोरी, झाकण दोरीने उघडता येईल अशी वजन बांधलेली जाड बाटली, आणि मुलांच्या मापाची लाइफ जॅकेटं. दर वर्षी नववीच्या मुलामुलींना, परवानगी काढून, तिथल्या मच्छीमारांच्या सोबतीने धरणावर न्यायचं. पाण्याचं तापमान वर किती, पाच मीटरवर किती, दहावर किती, हे त्यांनी स्वतः मोजायचं आणि एका वहीत लिहायचं. ती वही शाळेत राहील. दहा वर्षांनी त्या वहीला किंमत येईल, तीस वर्षांनी तर फारच येईल. नावापुढे वर्गणीचा पहिला आकडा मी घालते.

बाई, तुम्ही त्या दिवशी होपच्या उपकरणातला खालचा थर्मामीटर प्रत्येकीला वाकून वाचायला लावला होतात. वर्गात साठ मुलंमुली होती, तास संपून घंटा झाली तरी तुम्ही शेवटचीचं वाचून होईपर्यंत थांबलात. शेवटची मी होते. चार अंश होतं.